जवानांचा शिधा, किरणांचे यंत्र आणि सरकारी पैसा



२०२४ सालच्या जुलै महिन्यात केंद्र सरकारच्या अंदाजपत्रकात एक लहानशी घोषणा झाली. देशात अन्नावर किरण सोडून ते टिकवणारी ५० केंद्रे उभारायला पैशाची मदत देणार, अशी ती घोषणा. पुढे ३१ जुलै २०२५ रोजी मंत्रिमंडळाने त्या कामासाठी आणि त्याच्या जोडीला अन्न तपासणाऱ्या १०० प्रयोगशाळांसाठी मिळून १००० कोटी रुपये मंजूर केले. अंदाजपत्रकाच्या भाषणात अशी वाक्ये पुष्कळ असतात. रेडिओवर ऐकायची आणि सोडून द्यायची, हा आपला रिवाज. पण हे वाक्य आपल्यासारख्या धानाच्या जिल्ह्याने कान देऊन ऐकावे असे आहे.

आता तुम्ही विचाराल, अन्न टिकवायला किरण कशाला? आणि सरकारला हे सुचले कुठून? त्याचे उत्तर एका जुन्या गोष्टीत आहे. ही विद्या वाढली ती शेतकऱ्याच्या कोठारासाठी नव्हे, तर सैनिकाच्या पोटासाठी. तिच्यावर पहिला मोठा पैसा ओतला तो एका परदेशी सैन्याने. तो पैसा एकदा मिळाला, एकदा थांबला, पुन्हा मिळाला आणि शेवटी आटला. या देण्याघेण्याची हकिगत समजली की आपल्याकडे येऊ घातलेल्या पैशाकडे कसे बघावे, हेही समजेल.

आधी वस्तू काय आहे ती बघू. आपल्या घरच्या ढोलीत तांदूळ भरून ठेवला, तर पावसाळा सरता सरता त्यात सोंडे दिसू लागतात. किडा बाहेरून आला असे आपल्याला वाटते. पण पुष्कळदा त्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडे घालून गेलेली असते. वरून दाणा निरोगी दिसतो. उन्हात घातले, कडुलिंबाचा पाला टाकला, तरी दाण्याच्या पोटातली अळी सुखरूप राहू शकते. किरण मात्र दाण्याच्या आरपार जातात आणि त्या अळीला गाठतात. रचना अशी असते: जाड काँक्रीटच्या भिंतींची एक खोली, तिच्यात पाण्याचा खोल हौद आणि हौदाच्या तळाशी कोबाल्ट-६० नावाच्या धातूच्या कांड्या. काम नसेल तेव्हा कांड्या पाण्याखाली. पाणीच त्यांचे किरण अडवते. काम सुरू करायचे तेव्हा माणसे बाहेर येतात, दारे बंद होतात, कांड्या वर उचलल्या जातात आणि मालाच्या पेट्या त्यांच्याभोवती फिरवून बाहेर आणल्या जातात. कोबाल्टच्या किरणांनी अन्न स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. दवाखान्यात क्ष-किरणाने छातीचा फोटो काढल्यावर माणूस काही किरण टाकीत घरी येत नाही, तसेच हे.

किरणांची मात्रा 'ग्रे' या मापाने मोजतात, आणि हजार ग्रेंचा एक किलोग्रे. जसे काम तशी मात्रा. कांद्याला कोंब येऊ नये म्हणून एक किलोग्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी पुरते. तांदळातले किडे मारायला पाव ते एक किलोग्रे लागतो. मसाल्यातले जंतू मारायला ६ ते १४ किलोग्रे. आणि मांस बर्फाशिवाय महिनोन्‌महिने टिकवायचे असेल, तर पंचवीस किलोग्रेच्याही वर जावे लागते. हा शेवटचा आकडा ध्यानात ठेवा. सैन्याला हवे होते ते नेमके हेच, म्हणजे सगळ्यांत अवघड काम.

सैन्य पोटावर चालते, अशी म्हण आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा सैनिक डब्यातले अन्न खाऊन लढला. पण डबा जड, आणि तेच ते डब्यातले जेवण खाऊन माणूस कंटाळतो. ताजे मांस पाठवायचे तर बर्फाची कोठारे आणि थंड गाड्या लागतात, आणि त्या रणांगणाच्या तोंडापर्यंत पोचत नाहीत. म्हणून १९५३ साली अमेरिकेच्या लष्कराने किरणांनी अन्न टिकवण्याच्या संशोधनाला हात घातला. वेळही अनुकूल होती. त्याच वर्षी ८ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे 'शांततेसाठी अणू' हा विचार मांडला. हिरोशिमा-नागासाकीला जेमतेम आठ वर्षे झाली होती. अणूपासून काही भलेही होऊ शकते, हे जगाला दाखवण्याची तेथील सरकारला निकड होती. सैनिकाची भूक आणि अणूची अब्रू अशी दोन कारणे एकत्र आली की तिजोरीचे दार लवकर उघडते. तसे ते उघडले.

काम जोरात सुरू झाले. कॅलिफोर्नियात स्टॉकटन शहराजवळ लष्कराच्या एका भांडार-तळावर मोठे किरण-केंद्र बांधायचा बेत झाला. प्रयोगशाळेतल्या चार तुकड्यांवर नव्हे, तर सैन्याला पुरेल अशा प्रमाणावर अन्नावर किरण सोडून बघायचे होते. पण इकडे १९५८ साली अमेरिकेच्या संसदेने अन्नाचा नवा कायदा केला. अन्नात जे काही नव्याने घालाल ते निर्धोक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी घालणाऱ्यावर, असा त्याचा दंडक. किरण काही मीठ किंवा रंग नव्हे, अन्नात ते उरत नाहीत. तरीही कायद्याने किरणांना त्याच यादीत बसवले. याचा अर्थ असा की केंद्र बांधून झाले तरी त्यातून निघालेले मांस खायला देण्यापूर्वी पुरावा हजर करावा लागणार. आणि पुरावा तर अजून तयार नव्हता. जनावरांना असे अन्न खाऊ घालून वर्षानुवर्षे पाहायचे असते, पिढी दर पिढी मोजदाद ठेवायची असते. शिवाय जबर मात्रेने मांसाला एक विचित्र वास येई, तोही प्रश्न सुटला नव्हता. शेवटी १९५९ साली लष्कराने स्टॉकटनचा बेतच गुंडाळला.

हे त्यांच्या संसदेच्या अणुशक्ती समितीला रुचले नाही. एवढा गाजावाजा करून काम मध्येच का सोडता, असा जाब विचारायला तिने जानेवारी १९६० मध्ये सुनावणी घेतली. त्यातून निघालेला मार्ग मधला होता. कामाची वाटणी झाली: फळे, मासे यांच्यासाठी हलकी मात्रा, हा भाग अणुशक्ती आयोगाकडे, मांसासाठी जबर मात्रा, हा भाग लष्कराकडे. स्टॉकटनच्या मोठ्या केंद्राऐवजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नॅटिक गावी, लष्कराच्या संशोधन संस्थेच्या आवारात, १९६२ साली किरण-प्रयोगशाळा सुरू झाली. कारखान्याआधी प्रयोगशाळा, हा क्रम आता लागला. तो आधीच लागायला हवा होता, नाही का?

नॅटिकच्या शास्त्रज्ञांनी काम मात्र चांगले केले. मांस आधी थोडे शिजवून घ्यायचे, म्हणजे त्याला आतून नासवणारी द्रव्ये निकामी होतात. मग हवाबंद करून गोठवायचे आणि गोठलेल्या स्थितीतच किरण द्यायचे. अशाने तो वाईट वास बराच आटोक्यात आला. फेब्रुवारी १९६३ मध्ये तेथील अन्न-औषध खात्याने लष्कराच्या अर्जावरून डबाबंद बेकनला, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाला परवानगी दिली. त्याच वर्षी गव्हातले किडे मारायला आणि १९६४ साली बटाट्याचे कोंब रोखायलाही परवानगी मिळाली. आता गाडी रुळावर आली असे सर्वांना वाटले.

मग लष्कराने हॅम नावाच्या मांसासाठी अर्ज केला. तो तपासताना खात्याने आधीचा बेकनचा पुरावाही पुन्हा काढला, आणि त्यांना तो अपुरा दिसला. जनावरांवरचे प्रयोग नीट आखलेले नव्हते. काही आकड्यांतून शंका उभ्या राहत होत्या, आणि त्यांचे समाधान होईल एवढी सामग्री नव्हती. १९६८ साली लष्कराने हॅमचा अर्ज मागे घेतला आणि खात्याने बेकनची परवानगीही काढून घेतली. ते मांस विषारी ठरले, असा याचा अर्थ नव्हे. निर्धोक असल्याचे सिद्ध झाले नाही, एवढाच अर्थ. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि शिक्षकांनी ते मुलांना अवश्य समजावून सांगावे. पण लोकांच्या मनावर जो ठसा उमटायचा तो उमटलाच. एकदा दिलेली परवानगी परत घेतली म्हटल्यावर ऐकणारा काय समजेल?

लष्कराने १९७० च्या दशकात पुन्हा नव्याने प्रयोग मांडले. त्यातले मोठे काम एका खाजगी प्रयोगशाळेला ठेक्याने दिले, आणि तिथले काम इतके सदोष निघाले की वर्षांची मेहनत पाण्यात गेली. शेवटी १९८० साली हा सगळा कार्यक्रम लष्कराकडून काढून शेतकी खात्याकडे सोपवण्यात आला. सैन्याच्या पैशाने सुरू झालेली विद्या सैन्याच्या हातून सुटली.

मग सैनिकाच्या भुकेचे काय झाले? ती भागली, पण दुसऱ्याच उपायाने. त्याच नॅटिकमध्ये दुसरे एक साधे काम चालू होते. पातळ, अनेक पदरी पाकिटात शिजवलेले अन्न भरायचे, तोंड पक्के बंद करायचे आणि दाबाखालच्या वाफेत ते पाकीट तापवून काढायचे. आपल्या घरच्या कुकरचाच हा मोठा भाऊ. डब्याहून हलके, बर्फाची गरज नाही, आणि उष्णतेने जंतू मारण्याची रीत शंभर वर्षांची जुनी, त्यामुळे निर्धोकपणाचा वाद नाही. १९८१ पासून अमेरिकन सैनिकाच्या पिशवीत ही पाकिटे येऊ लागली. किरणांनी टिकवलेले मांस अंतराळवीरांनी मात्र खाल्ले; १९७२ च्या अपोलो-१७ या चंद्रयात्रेत असे हॅम बरोबर होते. एवढ्या खटाटोपानंतर जवानाऐवजी चंद्रावर जाणाऱ्यांच्या ताटात ते पडले.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडेही सैन्याच्या शिध्याचा विचार त्याच सुमारास सुरू झाला. १९६१ साली म्हैसूरला संरक्षण खात्याची अन्न-संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. पुढच्याच वर्षी चिनी आक्रमण झाले, आणि उंच बर्फाळ डोंगरावर उभ्या असलेल्या जवानाला काय खाऊ घालायचे, हा प्रश्न किती खरा आहे ते देशाला कळले. त्या काळात संरक्षणावरचा खर्च वाढला, कारखाने वाढले. आपल्या जिल्ह्यातला जवाहरनगरचा दारूगोळा कारखाना १९६४ सालचा, म्हणजे त्याच काळातला. भंडाऱ्याला संरक्षणाच्या पैशाचे दर्शन घडले ते असे, बंदुकीच्या बाजूने. शिध्याची बाजू म्हैसूरकडे राहिली. म्हैसूरच्या प्रयोगशाळेचे नाव झाले तेही मुख्यतः उष्णतेने निर्जंतुक केलेल्या पाकीटबंद जेवणाने, पुलाव, डाळ, भाजी अशा आपल्या ताटातल्या पदार्थांनी.

किरणांचे काम आपल्याकडे सैन्याने नव्हे, अणुशक्ती खात्याने हाती घेतले. मुंबईजवळ तुर्भ्याला, ज्याला इंग्रजीच्या वळणाने ट्रॉम्बे म्हणतात, तिथल्या अणुकेंद्राला १९६७ साली डॉ. होमी भाभा यांचे नाव देण्यात आले, आणि त्याच सुमारास तिथे अन्नावर किरण सोडण्याची प्रयोगशाळा सुरू झाली. १९७४ साली तिथेच वैद्यकीय सामान, जसे सुया, पट्ट्या, धागे, किरणांनी निर्जंतुक करणारे केंद्रही उघडले. ते वापरात आले, डॉक्टरांनी स्वीकारले. अन्नाची गोष्ट मात्र इतकी सोपी नव्हती, कारण सुई आपण खात नाही.

त्याच वेळी एक मोठा वाद उभा राहिला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९७५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुपोषणाने आजारी असलेली पंधरा मुले, पाच-पाचांचे तीन गट. एका गटाला साधा गहू, एकाला नुकतेच किरण दिलेला गहू, एकाला किरण देऊन बारा आठवडे ठेवलेला गहू. ताज्या किरणांचा गहू खाल्लेल्या मुलांच्या रक्तात काही पेशींमध्ये गुणसूत्रे नेहमीपेक्षा जास्त पटीने आढळली, असे संस्थेने म्हटले. भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर तसेच प्रयोग केले. त्यांना असे काही दिसले नाही. दोन्ही संस्था सरकारीच. दोघींनाही पैसा आपल्याच तिजोरीतून मिळत होता. मग खरे कोणाचे?

सरकारने हा वाद दोन तज्ज्ञांकडे सोपवला. एक डॉ. केशवन आणि दुसरे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. संख्याशास्त्रातले त्यांचे नाव जगभर. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी रोमला संख्याविभागाचे संचालक म्हणून वर्षानुवर्षे काम केले. त्या दोघांनी दोन्ही संस्थांच्या मूळ नोंदी तपासल्या आणि १९७६ साली निर्वाळा दिला की हैदराबादच्या आकड्यांवरून तो निष्कर्ष निघत नाही. गटात मुले फक्त पाच, प्रत्येक मुलाच्या मोजलेल्या पेशी शंभरच. एवढ्या थोड्या मोजणीत एखाद-दुसरी वेगळी पेशी इकडची तिकडे झाली की टक्के उड्या मारतात. पुढे चीनमध्ये १९८० च्या दशकात शेकडो स्वयंसेवकांना असे अन्न देऊन तपासले, तिथेही अपाय दिसला नाही.

पण मंडळी, हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी शंका काढली म्हणून त्यांना दोष देऊ नये. शंका काढणे हेच त्यांचे काम. दोष द्यायचाच तर आपल्या उतावीळपणाला द्यावा. यंत्राला पैसा चटकन मिळतो. त्याचे उद्घाटन करता येते, त्याच्यासमोर फोटो काढता येतो. पुराव्याला पैसा मिळायला वेळ लागतो. पाचशे मुलांचा अभ्यास करायचा, दहा वर्षे नोंदी ठेवायच्या, याचे उद्घाटन कोण करणार? अमेरिकेत १९५९ आणि १९६८ साली जे झाले त्याचे मूळ हेच, आणि आपल्याकडे गव्हाचा वाद चिघळला त्याचेही मूळ तेच.

१९८० साली जागतिक आरोग्य संघटना, अन्न व शेती संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्था यांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून सगळा पुरावा चाळला. दहा किलोग्रेपर्यंत किरण दिलेले अन्न निर्धोक आहे, असे त्यांनी सांगितले. तरीही आपल्या देशात कायद्याची परवानगी मिळायला १९९४ साल उजाडले. तीही आधी फक्त कांदा, बटाटा आणि मसाल्यांना. १९९८ साली यादी वाढली आणि तिच्यात आपला तांदूळ आला, रवा, मैदा, कणीक आली, आंबा आला. तुर्भ्याची प्रयोगशाळा आणि पहिली परवानगी यांत सत्तावीस वर्षांचे अंतर. प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा पहिलीत असलेला मुलगा परवानगी मिळाली तेव्हा स्वतः मास्तर झाला असेल!

त्यानंतर केंद्रे आली. २००० साली वाशीला मसाल्यांसाठी आणि २००२ साली नाशिक जिल्ह्यात लासलगावला कांद्यासाठी. लासलगावच्या केंद्राचे नाव 'कृषक', म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र. कांद्याच्या बाजारपेठेत, शेतकऱ्याच्या दाराशी उभे राहिलेले हे केंद्र. पण त्याला पहिली मोठी कीर्ती मिळाली ती आंब्याने. अमेरिकेने फळातल्या किडीच्या भीतीने आपला आंबा वर्षानुवर्षे अडवून ठेवला होता. किरण दिले की कीड मरते हे मान्य झाल्यावर २००७ सालच्या एप्रिलमध्ये लासलगावला किरण दिलेला आंबा अमेरिकेला रवाना झाला.

आंबा का चालला आणि कांदा का अडखळला, हे हिशेबाने बघा. कोबाल्टची शक्ती आपोआप कमी होत जाते. सव्वापाच वर्षांत निम्मी, म्हणजे दर वर्षी सुमारे बारा टक्के. केंद्र चालवा अगर बंद ठेवा, कोबाल्ट झिजतच राहतो. गोठ्यातल्या बैलासारखे आहे ते. नांगराला जुंपला नाही तरी वैरण खातोच. म्हणून असे केंद्र बारा महिने चालले तरच परवडते. कांद्याचा हंगाम काही महिन्यांचा, कांदा वजनाने भारी आणि भावाने कधी हलका, शिवाय किरण दिल्यावरही त्याला थंड, हवेशीर कोठार लागतेच. कोंब थांबतो, पण सड थांबत नाही. २०२३ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने भाभा केंद्राच्या मदतीने लासलगावला दीडशे टन कांद्यावर पुन्हा प्रयोग करून पाहिला. म्हणजे केंद्र उभे राहून एकवीस वर्षांनीही कांद्याचा प्रश्न प्रयोगाच्याच पायरीवर होता. आता ज्या ५० केंद्रांना मदत मिळायची आहे ती 'बहुउत्पादन' असावीत असे सरकार म्हणते, त्यामागे हाच हिशेब आहे.

आता आपल्या घरचे बघू. भंडाऱ्याला असे केंद्र मिळावे अशी मागणी उद्या कोणी केली, तर आपण काय म्हणावे? आधारभूत केंद्रावर आपण धान देतो तेव्हा त्यात सतरा टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. पण माल दीर्घकाळ टिकायचा तर ओलावा चौदा टक्क्यांच्या आत हवा. ओल्या धानाला बुरशी येते, ते पिवळे पडते, आणि किडे मारण्याइतक्या हलक्या मात्रेने त्याचा ओलावा काही उडत नाही. दुसरी गोष्ट, किरण दिल्याने आतला किडा मरतो, पण दाण्यावर कसलाच पहारा बसत नाही. तोच माल पुन्हा सैल गोणीत भरून किडक्या गोदामात टाकला, तर आठ दिवसांत नवे सोंडे हजर. तेव्हा उघड्यावर ताडपत्रीखाली पडलेल्या धानाला किरणांचा उपयोग नाही. त्याला हवे आहे सिमेंटचे गोदाम, वाळवण्याचे यंत्र आणि वेळेवर होणारी उचल. त्यावर खर्च केलेला रुपया आधी कामी येईल.

उलट आपला चिन्नोर तांदूळ बघा. भंडारा चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. सुगंधी, चार पैसे जास्त देणारा, पाच-दहा किलोच्या बंद पिशवीत शहरात जाणारा. अशा पक्क्या पिशवीतल्या तांदळाला किरण दिले तर आतला किडा मरेल आणि बाहेरचा आत येणार नाही. दूरच्या गिऱ्हाईकाला सहा महिन्यांनी पिशवी उघडल्यावर सोंडे दिसले नाहीत, तर तो पुन्हा चिन्नोरच मागेल. मात्र सुगंध जसाच्या तसा राहतो की नाही, हे आधी आपल्याच तांदळावर तपासून घ्यायला हवे. आणि नुसत्या चिन्नोरवर केंद्र बारा महिने चालणार नाही. मसाला, हळद, वनौषधी, कोणता माल, किती टन, कोणत्या महिन्यात, याचा तक्ता आधी मांडावा लागेल. चार गावांच्या उत्पादक गटांनी तो मांडला, तर त्यांचे बोलणे कोणत्याही अर्जापेक्षा वजनदार ठरेल.

एक गोष्ट गिऱ्हाईक म्हणूनही जाणून घ्या. कायद्याने किरण दिलेल्या मालावर तसे छापावे लागते, आणि वर्तुळातल्या रोपट्याचे हिरवे चिन्ह लावावे लागते. ते चिन्ह दिसले तर घाबरू नका. आणि चिन्ह आहे म्हणून माल चांगलाच असेल, असेही समजू नका. मूळचा सडका माल किरणांनी ताजा होत नाही.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या हातात याहून मोठे काम आहे. शाळेत एक किलो तांदूळ घ्या, दोन वाट्या करा. एक चांगला वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, दुसरा तसाच कागदी पुड्यात. दर शनिवारी मुलांना किडे मोजायला लावा आणि फळ्यावर आकडा लिहा. दोन महिन्यांनी मुलांना विचारा, एवढ्या एका प्रयोगावरून सगळ्या गावाच्या तांदळाबद्दल आपल्याला बोलता येईल का? वर्गातल्या कोणीतरी नक्की म्हणेल, गुरुजी, अजून दहा बरण्या ठेवायला पाहिजेत. ज्या मुलाला एका बरणीचा पुरावा अपुरा वाटतो, त्याला डॉ. सुखात्म्यांनी काय केले ते समजले.

आणि ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या बैठकीत कोणत्याही नव्या यंत्राचा विषय निघाला की चार गोष्टी विचाराव्या. हे कोणासाठी मागितले होते आणि आता कोणाला मिळते आहे? त्याच्या उपयोगाचा पुरावा कोणी गोळा केला आणि त्यासाठी किती पैसा ठेवला? वर्षाचे बारा महिने त्याला काम आहे का? आणि हेच काम याहून साध्या उपायाने होते का? अमेरिकेच्या लष्कराला या प्रश्नांची उत्तरे मिळायला १९५३ पासून १९८० पर्यंत सत्तावीस वर्षे लागली आणि अमाप पैसा लागला. सरकारने प्रयोगशाळांसाठीही पैसा बाजूला काढला आहे, हे चांगले लक्षण आहे. तो पैसा खरोखर मोजणीवर खर्च होतो की नाही, याकडे मात्र आपले लक्ष हवे. सैनिकाचा असो की आपला, घास एकच, आणि तो पिकवणारा हात आपल्या बांधीत राबतो.